तीनदा फसलेला जॉर्ज चामर्स, आणि जुनी पुस्तकं तपासायची रीत

१७९४ साली लंडनमध्ये थॉमस रडिमन नावाच्या स्कॉटिश ग्रंथपाल आणि लॅटिन व्याकरणकाराचं चरित्र निघालं, ‘द लाइफ ऑफ थॉमस रडिमन’. लेखक जॉर्ज चामर्स, हाही स्कॉटलंडचाच, फोखाबर्स गावचा. (आडनावात ‘एल’ अक्षर आहे, पण उच्चारात येत नाही.) चरित्र लॅटिन व्याकरणकाराचं असलं तरी त्याच्या पोटात ब्रिटनमधल्या वृत्तपत्रांचा इतिहास आहे, आणि पुढची चाळीस-पन्नास वर्षं वृत्तपत्रांवर लिहिणाऱ्यांनी तो भरभरून उतरवून घेतला. याच चामर्सने नंतर ‘कॅलेडोनिया’ हा स्कॉटलंडच्या प्राचीन इतिहासाचा अवाढव्य ग्रंथ लिहिला. त्याचे क्वार्टो या मोठ्या आकाराचे तीन खंड १८०७, १८१० आणि १८२४ साली निघाले. या दोन्ही पुस्तकांत त्याने एकेक बनावट दस्तऐवज अस्सल म्हणून घेतला आहे. दोन्ही आज स्कॅन होऊन फुकट मिळतात, त्यामुळे जुन्या चुका नव्याने फिरायला लागल्या आहेत. म्हणून ही पुस्तकं कशी वाचायची, काय घ्यायचं आणि काय टाकायचं, ते नीट पाहू.

व्याकरणकाराच्या चरित्रात वृत्तपत्रं कुठून आली? रडिमन एडिनबरोच्या अ‍ॅडव्होकेट्स लायब्ररीत १७०२ पासून होता. १७३० ते १७५२ तो तिथला प्रमुख होता, आणि त्याच्यानंतर ती खुर्ची तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमला मिळाली. तेवढ्या पगारात भागत नव्हतं म्हणून त्याने छापखाना काढला. १७२० साली सुरू झालेलं ‘कॅलेडोनियन मर्क्युरी’ हे पत्र तो १७२४ पासून छापत होता आणि १७२९ मध्ये ते त्याच्या मालकीचं झालं. त्याआधी, १७१५ साली, त्याने जॉर्ज ब्यूकॅनन या सोळाव्या शतकातल्या इतिहासकाराचे समग्र लॅटिन ग्रंथ संपादित केले होते. वृत्तपत्राचा धंदा आणि स्कॉट लोकांचा इतिहास असे दोन्ही धागे या एका माणसाच्या हातात होते, आणि चामर्सने तेच दोन्ही उचलले.

आता पहिली फसगत. ब्रिटिश म्युझियममध्ये टॉमस बर्च या विद्वान पाद्र्याची कागदपत्रं होती (आता ती ब्रिटिश लायब्ररीत आहेत). १७६६ साली तो वारला आणि त्याने ती संग्रहालयाला दिली. त्यांत चामर्सला ‘द इंग्लिश मर्क्युरी’ नावाच्या पत्राचे काही अंक सापडले, काही छापील आणि काही हस्तलिखित. तारखा १५८८ च्या, स्पॅनिश आरमार इंग्लंडवर चालून आलं त्या दिवसांच्या. चामर्सने जाहीर करून टाकलं की इंग्लंडचं पहिलं वृत्तपत्र हेच, आणि श्रेय राणी एलिझाबेथच्या शहाणपणाला व तिचा मंत्री बर्ली याच्या मुत्सद्देगिरीला. हे विधान नंतर ज्ञानकोशांपर्यंत पोहोचलं. १८३९ साली त्याच संग्रहालयातल्या टॉमस वॉट्सने ते अंक मागवून घेतले आणि नुसते पाहिले. खिळे, म्हणजे छपाईच्या अक्षरांचं वळण, अठराव्या शतकातलं. हस्तलिखिताच्या कागदात शाही चिन्ह आणि ‘जी. आर.’ ही अक्षरं, म्हणजे जॉर्ज राजांच्या काळचा कागद. स्पेलिंगमध्ये ‘आय’ आणि ‘जे’, ‘यू’ आणि ‘व्ही’ आजच्यासारखे वेगळे केलेले, जे १५८८ च्या छापखान्यात होत नसे. सगळ्यांत गमतीचं म्हणजे हस्तलिखितातली खाडाखोड. जुन्या कागदाची नक्कल करणारा शब्द चुकतो आणि पुन्हा बरोबर लिहितो. इथे मात्र लिहिणाऱ्याने आधी एक वाक्य रचलं होतं, मग ते न आवडून दुसरं रचलं होतं. नंतर अक्षरावरून लेखकही ठरला: बर्चचा मित्र फिलिप यॉर्क, पुढे हार्डविकचा अर्ल. कुणाला फसवायचा हेतू असावा असं दिसत नाही. मित्रमंडळींचा तो वाङ्मयीन खेळ होता. फसला तो चामर्स, पन्नास वर्षांनी.

वॉट्सने वापरलेली रीत घरीही वापरता येते. पुस्तक हातात असेल तर मजकुराआधी कागद पाहा. एक पान उजेडासमोर धरा. जुन्या हातकागदात साच्याच्या तारांच्या खुणा दिसतात: बारीक रेषा दाट, आणि त्यांना काटकोनात जाड रेषा, साधारण इंचभर अंतराने. जाड रेषा उभ्या असतील आणि वॉटरमार्क पानाच्या मधोमध असेल, तर मूळ तावाला एकच घडी आहे, म्हणजे फोलिओ. रेषा आडव्या आणि वॉटरमार्क शिवणीत अर्धा दडलेला असेल, तर दोन घड्या, म्हणजे क्वार्टो. रेषा पुन्हा उभ्या आणि वॉटरमार्क शिवणीजवळ वरच्या कोपऱ्यात तुकड्यांनी असेल, तर तीन घड्या, ऑक्टाव्हो. शेजारशेजारच्या पानांत ही दिशा मध्येच बदलली तर एखादं पान दुसरीकडून आणून चिकटवलेलं असू शकतं. रेषाच नसतील तर तो विणलेल्या जाळीवरचा गुळगुळीत कागद. ब्रिटनमधल्या छापील पुस्तकात तो १७५७ पासून दिसतो. त्याआधीची तारीख आणि असा कागद एकत्र दिसले तर थांबा. आणखी एक खूण: १७९४ च्या कायद्यानंतर ब्रिटिश कागदात वॉटरमार्कसोबत वर्ष घालायची पद्धत पडली. १७९० छापलेल्या मुखपृष्ठामागे १८०३ चा कागद निघाला तर ते पुस्तक १७९० चं नाही, एवढं साधं आहे.

पानं पुरी आहेत का ते पाहायला फर्म्याची, म्हणजे एका तावाला घड्या घालून झालेल्या पानांच्या जुडीची, अक्षरं मोजा. प्रत्येक फर्म्याच्या पहिल्या पानाखाली एक अक्षर छापलेलं असतं. वर्णमाला मात्र २३ अक्षरांची: ‘आय’ आणि ‘जे’ मिळून एक, ‘यू’ आणि ‘व्ही’ मिळून एक, आणि ‘डब्ल्यू’ नाहीच. मजकूर बहुधा ‘बी’पासून सुरू होतो, कारण ‘ए’ प्रस्तावना आणि शीर्षकपानासाठी राखलेलं असतं. ऑक्टाव्होचा फर्मा सोळा पृष्ठांचा. म्हणून ‘बी’ पृष्ठ १ वर, ‘सी’ १७ वर, ‘डी’ ३३ वर, असं करत ‘आय’ ११३ वर आणि ‘के’ १२९ वर येतं. क्वार्टोत फर्मा आठ पृष्ठांचा, म्हणजे ‘सी’ ९ वर. ‘आय’नंतर ‘जे’ दिसत नाही म्हणून पान हरवलं असं समजून घाबरणारे पुष्कळ असतात. घाबरायचं ते पृष्ठांकाचा हा हिशेब तुटला तर.

दुसरी फसगत मोठी आहे, कारण तिने स्कॉटलंडचा अख्खा रोमन नकाशा बिघडवला. कोपनहेगनमध्ये चार्ल्स बर्ट्राम हा इंग्रज शिक्षक राहत होता. १७४७ मध्ये त्याने विल्यम स्टुकली या पुरातत्त्वाच्या नादी माणसाशी पत्रव्यवहार सुरू केला आणि हळूच सांगितलं की आपल्या पाहण्यात मध्ययुगीन भिक्षूचं एक हस्तलिखित आहे, त्यात रोमन ब्रिटनचं वर्णन आहे. लेखक म्हणून वेस्टमिन्स्टरचा भिक्षू रिचर्ड ऑफ सायरनसेस्टर ठरवण्यात आला. मूळ हस्तलिखित कुणीही कधी पाहिलं नाही. बर्ट्रामने अक्षराचा नमुना म्हणून एक तुकडा पाठवला, जाणकारांनी तो जुना म्हणून मान्य केला, आणि १७५७ मध्ये पुस्तक छापून बाहेर आलं. त्यात कधीच अस्तित्वात नसलेले रस्ते आणि गावं आहेत. अँटोनाइन भिंतीच्या (स्कॉटलंडमधल्या रोमन तटबंदीच्या) उत्तरेला ‘वेस्पासियाना’ नावाचा रोमन प्रांतही आहे. चामर्सने ‘कॅलेडोनिया’च्या पहिल्या खंडातला रोमन भाग या रिचर्डच्या भरवशावर उभा केला. विंडसरचा ग्रंथपाल बी. बी. वुडवर्ड याने १८६६-६७ मध्ये लॅटिनची धाटणी आणि उसनवारी दाखवून पितळ उघडं पाडलं, तोवर शतक उलटून गेलं होतं.

तिसरी फसगत थोडक्यात. विल्यम हेन्री आयर्लंड या पोराने शेक्सपिअरची म्हणून बनवलेली कागदपत्रं चामर्सला खरी वाटली. १७९६ मध्ये शेक्सपिअरचा अभ्यासक एडमंड मलोन याने ती खोटी ठरवली, तर १७९७ मध्ये चामर्सने ती खरी मानणाऱ्यांच्या बचावासाठी एक आख्खं पुस्तक लिहिलं! त्यात कागद खोटे असल्याचं त्याने मान्य केलं, पण मानणाऱ्यांचं मानणं रास्त होतं असा वकिली युक्तिवाद केला. तो खरोखरच वकील होता. अमेरिकेत मेरिलँडमध्ये त्याने वकिली केली होती.

एवढं वाचून चामर्स रद्दीत घालू नये. तो आळशी नव्हता. सनदा, मठांची दप्तरं, सरकारी लेखे त्याने ढिगाने वाचले, आणि ‘कॅलेडोनिया’तले परगण्यांचे तपशील व गावनावांची चर्चा आजही दाखल्यासाठी उघडली जाते. स्कॉटलंडच्या उत्तरेचे प्राचीन रहिवासी पिक्ट लोक कोण, हा त्या काळचा मोठा वाद. जॉन पिंकर्टनने १७८९ मध्ये त्यांना गॉथ, म्हणजे जर्मानिक ठरवलं होतं. चामर्सने ते वेल्श भाषेच्या जवळचे केल्ट असल्याचं गावनावांवरून मांडलं, आणि आजच्या भाषाशास्त्राचा कौल त्याच्याच बाजूला झुकतो. (पिंकर्टनने तरुणपणी स्वतः रचलेली गीतं जुनी म्हणून खपवली होती.) रडिमनच्या चरित्रातही ‘कॅलेडोनियन मर्क्युरी’च्या आणि छापखान्याच्या व्यवहाराचा भाग चांगला आहे. ठोकताळा असा करता येतो: चामर्स ज्या दप्तराचं ठिकाण सांगतो आणि जे आजही जागेवर आहे, तिथे तो विश्वासाचा, जे फक्त छापील रूपात त्याच्यापर्यंत आलं आणि ज्याचा मूळ कागद कुणी पाहिलाच नाही, तिथे तपासल्याशिवाय घेऊ नका.

हा रोग चामर्सपासून सुरू झाला असंही नाही. हेक्टर बोईसने १५२७ मध्ये पॅरिसला स्कॉट लोकांचा लॅटिन इतिहास छापला. त्यात इसवी सनापूर्वी ३३० मध्ये आलेल्या फर्गसपासून सुरू होणारी चाळीसेक राजांची सलग मालिका आहे, आणि आधाराला व्हेरेमुंडस नावाचा लेखक, ज्याचा ग्रंथ कुणालाही सापडला नाही. ब्यूकॅननने १५८२ मध्ये ती राजावळी ठेवली, कारण प्रजेने वाईट राजांना पदच्युत केल्याचे दाखले त्याला तिच्यातून मिळत होते. १६८४ ते १६८६ दरम्यान याकोब दे वेत या डच चित्रकाराकडून एडिनबरोच्या हॉलिरूड राजवाड्यासाठी शंभराहून जास्त राजांची चित्रं काढून घेतली गेली, त्यांत हे काल्पनिक राजेही आहेत. १७२९ मध्ये पॅरिसच्या स्कॉट्स कॉलेजातला कॅथलिक पाद्री टॉमस इनेस याने जुन्या राजावळ्या शेजारी शेजारी मांडून दाखवलं की त्या सगळ्या बऱ्याच नंतरच्या फर्गसपासून, एर्कच्या मुलापासून, म्हणजे साधारण इ.स. ५०० च्या आसपास सुरू होतात. इनेस पदच्युत स्टुअर्ट घराण्याचा पाठीराखा होता. राजे काढून टाकण्याचे जुने दाखले उडाले तर ते त्याला हवंच होतं. निष्कर्ष मात्र बरोबर ठरला. जुन्या इतिहासात लेखकाचा पक्ष कळला म्हणून त्याचं म्हणणं आपोआप खोटं होत नाही.

वाचताना एक शब्द हमखास फसवतो: ‘स्कोटिया’. साधारण दहाव्या-अकराव्या शतकापर्यंतच्या लॅटिन लिखाणात ‘स्कोटी’ म्हणजे गेलिक बोलणारे लोक आणि ‘स्कोटिया’ म्हणजे बहुधा आयर्लंड. आयर्लंडमधून येऊन स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर दाल रिआता हे राज्य वसवणाऱ्या लोकांचं नाव पुढे सगळ्या देशाला चिकटलं. जुन्या पुस्तकातलं ‘स्कोटियाचा संत’ वाचून त्याचा जन्म स्कॉटलंडमध्ये ठरवू नका. या काळासाठी विल्यम फोर्ब्स स्कीनचा ‘केल्टिक स्कॉटलंड’ (तीन खंड, १८७६ ते १८८०) आणि त्याने १८६७ मध्ये छापलेली पिक्ट व स्कॉट लोकांची मूळ बखरवजा साधनं ही पहिली बरी पायरी. त्याचेही बरेच निष्कर्ष पुढे बदलले, पण साधनं समोर ठेवल्यामुळे ते कुठे बदलले ते दिसतं.

वृत्तपत्रांच्या बाजूला, ‘इंग्लिश मर्क्युरी’चं बिंग फुटल्यानंतरची मोठी पुस्तकं चार: फ्रेडरिक नाइट हंट (१८५०), अलेक्झांडर अँड्र्यूज (१८५९), जेम्स ग्रँट (१८७१-७२) आणि एच. आर. फॉक्स बोर्न (१८८७). यांत आकडे येतात ते बहुतेक मुद्रांकाचे. १७१२ पासून वृत्तपत्राच्या कागदावर कर होता: अर्ध्या तावाला अर्धा पेनी, पूर्ण तावाला एक पेनी. १८१५ मध्ये तो चार पेन्सवर गेला, १८३६ मध्ये एक पेनीवर आला आणि १८५५ मध्ये सक्तीचा मुद्रांक गेला. किती ताव मुद्रांकित झाले याची सरकारी नोंद होई, आणि तीच लेखक खप म्हणून देतात. तो खप नव्हे. काही पत्रं कागद व्यापाऱ्यामार्फत घेत, मग नोंद व्यापाऱ्याच्या नावावर. वाया गेलेले आणि न विकलेले ताव त्यातच. कर चुकवून छापलेली पत्रं तर हिशेबातच नाहीत. १८३६ आधीच्या आकड्यावरून वाचकसंख्या काढणं त्याहून धोक्याचं, कारण महागाईमुळे एक अंक कॉफीघरात डझनांनी लोक वाचत. १८५५ नंतर ही नोंदही आधाराला उरत नाही, त्यामुळे पुढचे आकडे बरेचसे मालकांच्या तोंडचे असतात.

तारखांचा घोळ वेगळाच आहे. स्कॉटलंडने १६०० सालापासून १ जानेवारीला नवं वर्ष धरलं. इंग्लंडमध्ये कायद्याने वर्ष २५ मार्चला सुरू होई, १७५१ अखेरपर्यंत. म्हणून लंडनच्या पत्रावरचा ‘फेब्रुवारी १७२०’ आपल्या हिशेबाने १७२१ असू शकतो, पण एडिनबरोच्या पत्रावरचा ‘फेब्रुवारी १७२१’ सरळ १७२१ च. दोन्ही देश सप्टेंबर १७५२ पर्यंत जुन्याच पंचांगाने चालत होते, तेव्हा युरोपातल्या घटनेशी जुळवताना अकरा दिवसांचा फरकही धरावा लागतो (१७०० आधी दहा).

आता जेम्स ग्रँट. कॅटलॉगमध्ये या नावाखाली स्कॉटिश लेखकांची गर्दी आहे आणि विक्रेते त्यांना सर्रास एकत्र करतात. वृत्तपत्रांचा इतिहास लिहिणारा ग्रँट एल्गिनचा, १८०२ ते १८७९, ‘मॉर्निंग अ‍ॅडव्हर्टायझर’चा १८५० पासून १८७१ पर्यंतचा संपादक. गेल लोकांच्या मूळाविषयी १८१४ मध्ये लिहिणारा ग्रँट कॉरिमनीचा वकील, आधीच्या पिढीतला. ‘ओल्ड अँड न्यू एडिनबरो’ लिहिणारा तिसरा, १८२२ ते १८८७, युद्धकादंबऱ्यांमुळे प्रसिद्ध. स्कॉटलंडच्या शाळांचा इतिहास (१८७६) चौथ्याचा. आणि पाचवा आपल्या ओळखीचा. बान्फचा जेम्स ग्रँट १८१८ ते १८२२ साताऱ्याला रेसिडेंट होता. ‘डफ’ हे त्याने आईकडची इस्टेट मिळाल्यावर १८२५ च्या सुमारास जोडलं. म्हणून साताऱ्याच्या काळातल्या कागदांत तो नुसता ग्रांट आहे, आणि १८२६ च्या मराठ्यांच्या इतिहासाच्या शीर्षकपानावर ग्रँट डफ. नीलकंठ जनार्दन कीर्तने यांनी त्याच्या बखरीवर जी टीका केली तिचा गाभाही हाच होता: अस्सल कागद काय म्हणतो? शीर्षकपानावर नावाखालची ‘अमुक पुस्तकाचे लेखक’ ही ओळ वाचली की हे पाचही वेगळे होतात.

एल्गिनच्या ग्रँटचं पुस्तक विकत घेताना खंड मोजा. पहिले दोन १८७१ मध्ये टिन्सली ब्रदर्सने काढले, तिसरा १८७२ मध्ये राउटलेजने, आणि त्याचं शीर्षकही वेगळं आहे. त्यामुळे दोनच खंड ‘संपूर्ण संच’ म्हणून विकले जातात, आणि लंडनबाहेरची पत्रं नेमकी तिसऱ्यात आहेत. ‘ओल्ड अँड न्यू एडिनबरो’ सुटे भाग काढत १८८० ते १८८३ मध्ये पुरं झालं. शीर्षकपानावर वर्ष नसतं, त्यामुळे तारीख बांधणीवरून ठरवू नये. ‘कॅलेडोनिया’चं पेझ्लीच्या अलेक्झांडर गार्डनरने १८८७ पासून पुनर्मुद्रण केलं, पण खंडांची विभागणी वेगळी, म्हणून ‘खंड २, पृष्ठ अमुक’ असा दाखला कोणत्या आवृत्तीचा ते लिहिल्याशिवाय निरुपयोगी.

स्कॅनमध्ये शोधताना १८०० आधीच्या छपाईतला लांब ‘एस’ लक्षात ठेवा. तो ‘एफ’सारखा दिसतो आणि यंत्र तो ‘एफ’च वाचतं, म्हणून शब्द सापडला नाही तर ‘एस’च्या जागी ‘एफ’ टाकून पुन्हा शोधा. शब्दाच्या शेवटी आणि मोठ्या अक्षरात मात्र साधाच ‘एस’ असतो. मग नवं हाती आलेलं कोणतंही जुनं पुस्तक तीन नावांनी चाळा. वृत्तपत्रांच्या पुस्तकात ‘इंग्लिश मर्क्युरी’. स्कॉटलंडच्या पुस्तकात ‘वेस्पासियाना’ आणि ‘व्हेरेमुंडस’. यांतलं एखादं बनावट असल्याच्या शेऱ्याशिवाय सापडलं, तर निदान ते प्रकरण बाजूला ठेवा आणि पुढची प्रकरणं त्याच्यावर किती टेकली आहेत ते सूचीवरून पाहा.